पाय सरळ झाल्यानंतरची चार वर्षं

प्रति,
राज्यातले सर्व जिल्हा शल्यचिकित्सक आणि बालतपासणी पथकांतले डॉक्टर

विषय : वाकड्या पायांच्या बाळांची नोंद प्लास्टर सुटल्यावर बंद न करण्याबाबत

माननीय डॉक्टर,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अर्ज लिहून लिहून हात असा बसलाय की 'विषय' आपोआप वर आला. पण हा अर्ज नाही. अर्जावर आवक क्रमांक पडतो आणि तो फाइलला लागतो. हे चार लोकांसमोर वाचलं जावं म्हणून लिहिलेलं पत्र आहे, आणि यातला निम्मा भाग एका परदेशी डॉक्टरबद्दल आहे, ज्यांचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याचा उजवा पाय आत वळलेला होता. टाच वर ओढलेली, तळवा डाव्या पायाकडे बघतोय, जणू कुणी ओलं फडकं पिळून तसंच ठेवून दिलंय. सासूबाईंनी आधी पंचांग काढलं. सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि त्या दुपारी मी पाय मुडपून झोपले होते, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मलाही आठवत होतं, हे जास्त वाईट. त्यानंतर एका दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आलं की मालिश करा, चालायला लागला की आपोआप सरळ होईल. तिळाच्या तेलाची मालिश सात आठवडे चालली. शेवटी आमच्या आशाताई एका सकाळी म्हणाल्या, "बाई, याला प्लास्टर लागतं. दर आठवड्याला एक. माझ्या भागात एक पोरगी झालीय अशी, पळती आता."

मग सव्वादोन तासांची एसटी, आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरची प्लास्टर रूम. दारावर पाटी होती : पॉन्सेटी क्लिनिक, दर बुधवारी. मला वाटलं ही प्लास्टर बनवणारी कंपनी असेल.

आत फरशीवर पांढरा राडा, प्लास्टिकचा टब, कापसाचे रोल. बाळाला भुकेलं आणायला सांगितलं होतं, म्हणजे प्लास्टर चढेपर्यंत ते दूध पीत शांत राहतं. डॉक्टर मॅडमनी माझा अंगठा धरला आणि बाळाच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या जरासा पुढे टेकवला. "हे टेंगूळ लागतंय का? हे टॅलसचं, म्हणजे घोट्यातल्या हाडाचं डोकं. याला फक्त टेका द्यायचा. आणि टाचेला हात लावायचा नाही." त्या बोलत होत्या तेवढ्यात त्यांच्या दुसऱ्या हातातलं पाऊल अगदी हळू बाहेरच्या दिशेला सरकत होतं. बाळ दूध पीत होतं. मी मात्र दात आवळून बसले होते.

पहिलं प्लास्टर सुटलं तेव्हा पाय आणखीच विचित्र दिसायला लागला होता. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की ग्रहणच बरं होतं. मॅडम म्हणाल्या, असंच दिसायला हवं, आधी तळव्याची खोल कमान उघडायची, मगच पाऊल बाहेर वळवायचं. पाचव्या प्लास्टरनंतर पाऊल बाहेर वळलं. मग टाचेमागची शीर, म्हणजे रक्ताची नव्हे तर पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, भूल देऊन एका बारीक छेदातून कापली, तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर झालं, आणि त्या तीन आठवड्यांत शीर पुन्हा, जरा लांब होऊन, जुळली. हे सगळं मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पाटीवरचं नाव मी नंतर शोधलं. पाळण्याशी बसून, एका हाताने झोका देत, दुसऱ्या हातात मोबाइल.

इग्नासिओ पॉन्सेटी १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले. वडील घड्याळजी. पोरवयात ते वडिलांच्या हाताखाली घड्याळं दुरुस्त करायचे. बार्सिलोनात डॉक्टर झाले आणि लगोलग, १९३६ मध्ये, स्पेनचं यादवी युद्ध पेटलं. हा तरुण प्रजासत्ताकाच्या बाजूने लष्करात गेला आणि मोडलेली हाडं बसवत राहिला. १९३९ मध्ये बाजू हरली. जखमींना फ्रान्समध्ये न्यायचं तर रुग्णवाहिका नाहीत, तेव्हा पिरेनीज डोंगरातल्या तस्करांची मदत घेऊन त्यांनी जखमींना खेचरांवर घालून सरहद्द पार केली. मायदेशी परत जाण्याची सोय उरली नव्हती. मेक्सिकोत दोनेक वर्षं एका लहान गावात साधी डॉक्टरकी केली, आणि १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात आर्थर स्टाइंडलर या अस्थिशल्यविशारदाकडे शिकायला पोहोचले. मग उरलेलं आयुष्य आयोवातच गेलं.

आता मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं. पॉन्सेटींचं मोठेपण सांगताना लोक त्यांच्या हाताबद्दल बोलतात. हात होताच. पण मला वाटतं त्यांनी पहिलं महत्त्वाचं काम हाताने केलंच नाही. त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावलं. ज्या मुलांच्या वाकड्या पायांवर त्या विभागात पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, त्यांचे वाढलेले पाय त्यांनी पुन्हा तपासले. ऑपरेशनच्या दिवशी हे पाय सरळ झाले होते. फाइलवर तसंच लिहिलं असणार. वर्षांनी बघितलं तर ते आखडलेले, कमजोर, व्रणांनी भरलेले आणि दुखरे निघाले.

विभागात नव्याने आलेल्या, परक्या देशातून आलेल्या माणसाने हे शोधून काढणं सोपं नसतं. आमच्याकडे नवीन शिक्षकाने मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला घेतल्या तर काय होईल, याचा मी विचार करून बघितला.

मग त्यांनी पायाच्या रचनेकडे नव्याने पाहिलं. पाऊल हाडांचं असलं तरी बाळाच्या पावलात बराचसा भाग अजून कूर्चाच असतो, आणि त्या हाडांना धरून ठेवणारे बंध सूक्ष्मदर्शकाखाली लाटांसारखे दुमडलेले दिसतात. ताणले की लाट उलगडते. काही दिवस तसंच धरून ठेवलं की बंध त्या लांबीला सरावतो, मग पुढचा ताण. म्हणून दर आठवड्याला नवं प्लास्टर. कापून जे जमत नव्हतं ते वाट बघून जमत होतं.

आणि अंगठा कुठे ठेवायचा हे. पॉन्सेटींच्या आधीही प्लास्टरने पाय सरळ करणारे होते. अमेरिकेतले डॉ. काइट आयुष्यभर तेच करत होते, आणि त्यांना महिनेच्या महिने, कधी दोन वर्षंही लागत. ते टेका द्यायचे पावलाच्या बाहेरच्या कडेला, थोडं पुढे. तिथे दाबलं की टाचेचं हाड अडकतं, वळत नाही. पॉन्सेटींनी तोच टेका टॅलसच्या डोक्यावर आणला, आणि त्याखालचं पाऊल, टाचेसकट, एकत्र वळायला लागलं. बाळाच्या पायावर हे अंतर माझ्या नखाएवढं असेल. घड्याळजीच्या मुलाला नखाएवढ्या अंतराचं महत्त्व कळलं यात मला नवल वाटत नाही, पण हा माझा शिक्षकी कल्पनाविलास समजा.

(जाता जाता : याच माणसाने मणक्याच्या बाकाचाही अभ्यास केला. 'स्वीट पी' या फुलवेलीच्या बिया खाऊ घातल्या की उंदरांच्या पाठी वाकतात, हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवणाऱ्यांत ते होते. आपल्या विदर्भातली लाखोळीची डाळ त्याच कुळातली, जात वेगळी आणि तिने होणारं दुखणंही वेगळं. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, म्हणून थबकले.)

१९६३ मध्ये त्यांनी आपली पद्धत अस्थिशल्यविज्ञानाच्या एका मोठ्या नियतकालिकात छापली. आणि काही झालं नाही. पुढची तीसेक वर्षं जगभरचे शल्यविशारद बाळांचे पाय उघडून शिरा आणि सांधे मोकळे करत राहिले. पॉन्सेटी आयोवात आपल्या बाळांना प्लास्टर घालत राहिले. १९८४ मध्ये निवृत्त झाले, काही वर्षांनी पुन्हा त्याच रुग्णालयात येऊन काम करायला लागले.

१९९५ मध्ये त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, कूपर आणि डीट्झ यांनी, पुन्हा तेच केलं जे पॉन्सेटींनी पहिल्यांदा केलं होतं. जुन्या रुग्णांना बोलावलं. या वेळी पॉन्सेटींच्या स्वतःच्या रुग्णांना. ४५ माणसं, ७१ पाय, सरासरी वय ३४. त्यांच्याशी तुलना करायला जन्मापासून पाय सरळ असलेली ९७ माणसं घेतली. पॉन्सेटींच्या रुग्णांपैकी ७८ टक्क्यांचे पाय उत्तम किंवा चांगले निघाले. सरळ पाय घेऊन जन्मलेल्यांत हा आकडा ८५ टक्के होता. म्हणजे देवाने दिलेल्या पायात आणि त्यांनी दिलेल्या पायात फरक सात टक्क्यांचा. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं, मग इंटरनेट आलं, आणि ऑपरेशन टाळू पाहणारे आईबाप आयोवाला फोन करायला लागले. डॉक्टरांनी ही पद्धत पसरवली हे खरंच, पण त्यांच्या आधी आया मागे लागल्या. युगांडात तर शल्यविशारद पुरेसे नव्हते म्हणून प्लास्टरचं काम प्रशिक्षित वैद्यकीय सहायकांच्या हाती दिलं गेलं आणि पाय सरळ व्हायला लागले. पॉन्सेटी ऑक्टोबर २००९ मध्ये गेले, ९५ व्या वर्षी. शेवटपर्यंत काम सुटलं नव्हतं.

डॉक्टर, हे सगळं तुम्ही शिकलेले आहात. मग मी का लिहितेय?

कारण आमच्या मुलाच्या फाइलवर शेवटचं प्लास्टर सुटल्याच्या दिवशी एक ओळ लिहिली गेली : करेक्शन पूर्ण. खाली सही, तारीख. आणि हातात दिले दांडीचे बूट.

हे बूट ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दोन छोटे बूट, मधे खांद्याएवढ्या रुंदीची धातूची दांडी. आजारी पायाचा बूट बराच बाहेर वळवलेला, चांगल्या पायाचा त्याहून कमी. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, आंघोळीपुरते काढायचे. मग रात्रभर आणि दुपारच्या झोपेत, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. हे बूट पाय सरळ करत नाहीत. सरळ झालेला पाय परत वळू नये म्हणून ते आहेत. आणि पाय परत वळतो. वळायलाच बघतो.

घरी हे कसं असतं ते ऐका. आमच्याकडे बाळं साडीच्या झोळीत झोपतात. झोळीत दोन्ही पाय जवळ येतात, आणि दांडी घातलेलं मूल झोळीत मावतच नाही. म्हणजे पहिल्या रात्रीच झोळी गेली, झोप गेली, आणि शेजारणी विचारायला लागल्या. कडेवर घ्यावं तर दांडी बरगडीत टोचते. पहिल्या आठवड्यात टाचेला फोड आला. एसटीत कंडक्टर म्हणाला, "पोराला काय सायकल बसवलीय का?" आणि सासूबाई, ज्यांनी पाच बुधवार माझ्याबरोबर एसटीत काढले होते, त्या रोज रात्री म्हणायच्या, "पाय तर सरळ झाला ना. आता कशाला लेकराला बेड्या?"

त्यांना उत्तर देता येत नव्हतं, कारण फाइलवरही तेच लिहिलं होतं. करेक्शन पूर्ण.

सव्वा वर्षाचा असताना बूट लहान पडले. पुढचा नंबर तिथे शिल्लक नव्हता. पुढच्या महिन्यात या म्हणाले, पुढच्या महिन्यातही नव्हता. गावच्या चांभारकाकांनी जुन्या दांडीवर नवे बूट शिवून द्यायचा प्रयत्न केला, पण कोन त्यांना कोण सांगणार? मग एक रात्र सुटली, मग आठवडा, मग बूट माळ्यावर गेले. यात माझी चूक आहेच. पण त्या वर्षभरात आम्हाला कुणीही विचारलं नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही. आम्ही बरे झालेल्यांत जमा होतो.

मुलगा अडीच वर्षांचा असताना एका सकाळी न्हाणीतून उघडाच पळत बाहेर आला. शहाबादी फरशीवर ओली पावलं उमटली. डाव्या पावलाला टाच होती. उजव्याला नव्हती.

पुन्हा बुधवार, पुन्हा तोच टब. तीन प्लास्टरं, आणि पुन्हा दांडीचे बूट. आमचं नशीब, ऑपरेशनपर्यंत गेलं नाही. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की पाय परत वळलेली जी मुलं त्यांच्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचे बूट सुटलेले असतात.

हे त्यांचं एकटीचं मत नाही. आयोवातल्याच मोर्कुएंदे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १५७ मुलांचा हिशेब छापला. मोठं ऑपरेशन लागलं फक्त चौघांना. पण १७ मुलांचे पाय परत वळले. त्याचा संबंध ना उपचार सुरू झाले त्या वयाशी निघाला, ना प्लास्टरांच्या संख्येशी. संबंध निघाला बूट न घालण्याशी. हे लोक तर पॉन्सेटींच्या शेजारच्या खोलीत बसणारे होते. तिथे ही गत, तर सव्वादोन तास एसटीने येणाऱ्यांचं काय होत असेल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मजात दोषांच्या त्याच्या यादीत वाकडा पाय आहे. आशाताई घरी जाऊन नवजात बाळ बघतात, तुमची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, मोफत उपचारांसाठी पाठवतात. हे कागदावर चांगलं आहे आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षातही चांगलं आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या हृदयाचं छिद्र याच पथकाने शोधलं. माझं म्हणणं शोधण्याबद्दल नाहीच. शोधल्यानंतर, सरळ केल्यानंतर, त्या मुलाची ओळ रजिस्टरमध्ये किती दिवस उघडी राहते, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या खात्यात पूर्वी पहिलीत किती मुलांची नावं घातली यावर शाबासकी मिळायची. पट शंभर टक्के. मग कुणीतरी विचारलं की चौथीपर्यंत किती उरतात? तेव्हा गळती हा शब्द आला, आणि तो आल्यावर आम्हाला उन्हात मुलांच्या घरी जावं लागलं. शिव्या घातल्या आम्ही त्या शब्दाला. पण माझ्या वर्गातल्या दोन मुली आज बारावी झाल्या त्या त्या शब्दामुळे. तुमच्याकडे वाकड्या पायांची गळती मोजा एवढंच माझं मागणं आहे. प्लास्टर सुटण्याच्या तारखेला 'करेक्शन पूर्ण' लिहायला हरकत नाही, पण मुलाचं नाव पाचव्या वाढदिवसापर्यंत उघडं राहू दे, आणि ज्याचे बूट सुटले त्याची नोंद सुटलेला म्हणून करा, बरा झालेला म्हणून नको.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. बूट घट्ट होण्याआधी पुढचा नंबर तयार ठेवता येतो, कारण मूल किती महिन्यांचं आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. पथक अंगणवाडीत येईल तेव्हा नुसता पाय बघू नका, दांडीचे बूट आणायला सांगा आणि आतून बघा. रोज वापरलेल्या बुटात टाचेचा ठसा उमटलेला असतो. माळ्यावरच्या बुटात धूळ असते. आईला विचारलं तर ती "घालतो की" म्हणणारच, मीही म्हणाले असते. आशाताईंना महिन्यातून एकदा हा एक प्रश्न विचारायला सांगा. आणि सासूबाईंना प्लास्टर रूमच्या बाहेर बाकड्यावर बसवू नका. त्यांना आत घ्या, त्यांचा अंगठा त्या टेंगळावर ठेवा. दुसऱ्या खेपेला मॅडमनी तेच केलं. त्या दिवसापासून आमच्या घरात रात्री नऊला बूट चढवायचं काम सासूबाईंचं झालं, आणि मी एखाद्या रात्री कंटाळा केला तर मलाच बोलणी बसायची. ग्रहणाचं नाव मात्र त्यांनी अजून सोडलेलं नाही. असो.

मुलगा आता आठ वर्षांचा आहे. उजवी पोटरी डावीपेक्षा जरा बारीक आहे, ती तशीच राहणार असं मॅडमनी आधीच सांगितलंय. उजव्या बुटाचा नंबर डाव्यापेक्षा अर्धा नंबर लहान, म्हणून दुकानात भांडण. खो-खोत पकडला जातो, पण तो पायामुळे नाही, पळताना मागे वळून बघतो म्हणून.

आमच्या खुंटीला दांडीच्या बुटांचे चार जोड टांगलेले आहेत. लहानापासून मोठ्यापर्यंत, पुसून ठेवलेले. त्यातले दोन जोड तर जेमतेम वापरलेले. ते ज्या बाळाला पुढच्या महिन्यात लागणार आहेत, ते बाळ याच जिल्ह्यात कुठेतरी आत्ता प्लास्टरमध्ये असणार. त्याचं नाव मला कळायचा मार्ग नाही. ते तुमच्या रजिस्टरमध्ये आहे, ओळ अजून बंद झाली नसेल तर.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका